सूप ‘टेस्टलेस’ नव्हतं, मग काय होतं?

ताई, नमस्कार.
मी वेंगुर्ल्याचा. हॉटेल मॅनेजमेंट करून एका क्रूझ जहाजावर कॉमी, म्हणजे शिकाऊ शेफ म्हणून लागलोय. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, फिलिपिन्स, इंडोनेशिया, पेरू, गोवा असे सगळीकडचे लोक, त्यामुळे बोलायचं ते इंग्रजीतच. मागच्या महिन्यात सर्व्हिसच्या आधी टेस्टिंग चाललं होतं. आमच्या ब्रिटिश शेफनी बटाटा आणि लीक (कांद्याच्या जातीची भाजी) यांचं सूप माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, कसं लागतंय? मीठ होतं, पण तोंडात काही येतच नव्हतं. मी म्हटलं, “शेफ, इट इज टेस्टलेस.” सूप आमच्या फिलिपिनो सीडीपीनं (शेफ द पार्टी, म्हणजे एका सेक्शनचा प्रमुख शेफ) केलेलं आणि तो शेजारीच उभा. त्याचा चेहरा पडला. शेफनी लिंबू पिळलं आणि सूप बाहेर गेलं. पण तेव्हापासून सीडीपी माझ्याशी कामापुरतंच बोलतो. नंतर मोबाइलवर शोधलं तर ब्लँड, इन्सिपिड, फ्लॅट, डल, माइल्ड असे ढीगभर शब्द निघाले आणि बहुतेकांपुढे अर्थ एकच, ‘बेचव’. यातला कुठला कधी वापरायचा? शिवाय बुफेवर उभा असताना पाहुणे ‘ब्लँड’ म्हणतात, तेव्हा त्यांना मीठ हवंय की तिखट, हेही कळत नाही.
– एक तारवटी

प्रिय मित्रा,

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर शेफनी तिथल्या तिथे देऊन टाकलं होतं. त्यांनी लिंबू पिळलं, म्हणजे त्या सुपात कमी होता तो आंबटपणा. बटाटा, लीक, लोणी, क्रीम हे सगळे मऊ, गोडसर जिन्नस. पिठूळ बटाट्यात मीठ हरवतं, क्रीमचा थर जिभेवर बसतो आणि मीठ असूनही पदार्थ झोपलेला लागतो. स्वयंपाकघरातल्या इंग्रजीत अशा पदार्थाला ‘फ्लॅट’ म्हणतात. बाटली उघडी राहून गॅस उडालेला सोडा फ्लॅट, तसंच हे. सगळं घातलेलं असतं, पण जिभेला जाग आणणारं काही नसतं. लिंबू, व्हिनेगर किंवा वाइनचा शिंतोडा पडला की तेच सूप उठून बसतं. तू त्या वेळी “अ बिट फ्लॅट, शेफ. नीड्स ॲसिड,” एवढंच म्हणाला असतास, तर सीडीपीनं स्वतःच लिंबू पुढे केलं असतं.

माझं सगळं सांगणं याच एका गोष्टीभोवती आहे. शब्द शोधण्याआधी जिभेवर काय कमी पडतंय ते शोध आणि त्याच वस्तूचं नाव घे. मीठ, आंबट, तिखट, वास, दाटपणा, स्टॉकचा जोर, यातलं एक काहीतरी कमी असतं, फार तर दोन. ते सापडलं की इंग्रजी सोपं होतं, कारण मग विशेषणच लागत नाही. ‘नीड्स सॉल्ट’, ‘नीड्स लेमन’, ‘नीड्स अनदर टेन मिनिट्स’. टेस्टिंगच्या वेळी शेफना हेच ऐकायचं असतं, कारण त्यावर लगेच काही करता येतं.

‘टेस्टलेस’ इतकं का लागलं, तेही सांगते. आपल्याला हा शब्द भेटतो तो शाळेत, पाण्याच्या गुणधर्मांत. कलरलेस, ओडरलेस, टेस्टलेस. त्यामुळे तो साधा, निरुपद्रवी वाटतो. पण कुणीतरी तासभर उभं राहून केलेल्या पदार्थाला तो लावला की अर्थ होतो ‘यात कसलीच चव नाही’, म्हणजे केलेलं सगळं पाण्यात. वर त्याला दुसराही अर्थ आहे. अभिरुचीहीन विनोद, भडक सजावट, नको त्या वेळी केलेली शेरेबाजी, हे सगळं इंग्रजीत टेस्टलेसच. आपला ‘पांचट’ जसा चहालाही लागतो आणि विनोदालाही, तसा. बाजारातून आणलेल्या टोमॅटोला टेस्टलेस म्हटलं तर कुणी दुखावत नाही, तिथे करणारा समोर नसतो. गॅलीत तो असतो, म्हणून हा शब्द तिथे नकोच.

आता मिठाचं बोलू, कारण तिथे आपली मुलं हमखास फसतात. हॉटेलात जाणाऱ्या मुलांना इंग्रजी शिकवताना हे वाक्य मला सतत ऐकू येतं: “सॉल्ट इज लेस.” मराठीत ‘मीठ कमी आहे’ म्हणतो, तेच शब्द उचलून ठेवलेले. घाईत त्याचं होतं “लेस सॉल्ट, शेफ!” आणि ऐकणारा समजतो ‘मीठ कमी घाल’. म्हणजे तुला म्हणायचंय त्याच्या बरोबर उलट! तिखटाचंही तसंच. ‘लेस स्पायसी’ ही तिखट कमी करायची ऑर्डर आहे, तक्रार नाही. जिथे तुझ्या तोंडी ‘लेस’ येईल तिथे ‘नीड्स मोअर’ म्हणायची सवय लाव. ही एक सवय पाच नव्या शब्दांपेक्षा उपयोगी पडेल.

अळणीला इंग्रजीत नेमका एक सुटसुटीत शब्द नाही. ‘अनसॉल्टेड’ आहे, पण तो मुद्दाम मीठ न घातलेल्या वस्तूचा, अनसॉल्टेड बटर, अनसॉल्टेड नट्स. मीठ विसरलेल्या आमटीला तो चालत नाही. गॅलीत चालतो तो ‘अंडरसीझन्ड’. इथे एक गोष्ट ध्यानात ठेव. आपल्याकडे पिझ्झ्याबरोबर ओरेगॅनोची पुडी मिळते, तिच्यावर ‘सीझनिंग’ लिहिलेलं असतं, त्यामुळे सीझनिंग म्हणजे वरून भुरभुरायचा मसाला असं डोक्यात बसतं. युरोपीय पद्धतीच्या स्वयंपाकघरात सीझनिंग म्हणजे आधी मीठ, मग मिरपूड, आणि काही शेफ त्यात आंबटही धरतात. शेफ “चेक द सीझनिंग” म्हणाले की मीठ चाखायचं. अंडरसीझन्ड म्हणालास की त्यांचा हात मिठाकडे जाणार, मसाल्याकडे नाही.

पाणचटपणाचं जरा सविस्तर सांगते, कारण इथे चुकीचा शब्द पडला तर पदार्थच बिघडतो. ‘वीक’ आणि ‘थिन’ हे दोन शब्द वेगळे ठेव. स्टॉकमध्ये हाडांचा, भाज्यांचा जोर उतरला नसेल तर तो वीक. चहा-कॉफी फिकी असेल तर तीही वीक. उपाय म्हणजे आटवणं, किंवा पुढच्या वेळी जास्त वेळ उकळणं. थिन म्हणजे पातळ, ते फक्त दाटपणाबद्दल. थिन सूप चवीला उत्तम असू शकतं. तू वीक स्टॉकला थिन म्हणालास तर पुढचा माणूस त्यात रू (लोण्यात परतलेला मैदा) घालून घट्ट करेल आणि तुझ्यापुढे येईल दाट पण तितकंच बेचव सूप, वर मैद्याचा चिकटपणा. ‘वॉटरी’ म्हटलं की दोन्ही दोष आले, पातळही आणि चवीलाही पाणी. मीठ ठीक, आंबट ठीक, दाटपणाही ठीक, तरी काहीतरी पोकळ लागतंय, अशा वेळी ‘लॅक्स डेप्थ’ म्हणतात. तिथे बहुतेकदा उमामी, म्हणजे मशरूम-सोया सॉससारखी भरदार चव, कमी असते. जपानी शास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८मध्ये कोंबू या समुद्री शेवाळाच्या दाशीतून (जपानी स्टॉकमधून) ग्लुटामेट वेगळं काढलं आणि या चवीला ते नाव दिलं. परतलेले मशरूम, टोमॅटो पेस्ट, पार्मेझान चीजची साल, सोया सॉस यातलं काहीतरी भांड्यात पडलं की ती पोकळी भरते.

टेस्ट आणि फ्लेवर या दोन शब्दांतही फरक आहे. जिभेला कळते ती टेस्ट: गोड, खारट, आंबट, कडू आणि उमामी. बाकीचं सगळं, लीकचा लीकपणा, लोण्याचा खमंगपणा, वेलचीचा दरवळ, हे घशामागून नाकात जातं. दोन्ही मिळून फ्लेवर. कोविडमध्ये वास गेलेली माणसं “चवच गेली” म्हणायची, तेव्हा त्यातल्या अनेकांना मीठ-साखर कळत होतं, गेला होता तो फ्लेवर. मीठ आणि लिंबू दोन्ही योग्य असून पदार्थ मुका वाटला तर “आय कान्ट टेस्ट द लीक” म्हण. हे वाक्य तू नक्की शिकून घे. कुठली चव यायला हवी होती ते तुला ठाऊक आहे, असं त्यातून कळतं आणि शेफना ते आवडतं.

याच सुपाची आणखी एक गंमत आहे. बटाटा-लीकचं सूप थंड करून वाढलं की त्याला विशिस्वाज म्हणतात. ते न्यूयॉर्कच्या रिट्झ-कार्लटनमधले फ्रेंच शेफ लुई दिआ यांच्या नावावर सांगितलं जातं, १९१७च्या सुमाराचं. थंड पदार्थाची चव जिभेला कमी कळते, वासही कमी उठतो. म्हणून गरम असताना अगदी बरोबर लागलेलं सूप फ्रिजमधून काढलं की फ्लॅट लागतं. तेव्हा चूक करणाऱ्याची नसते, तापमानाची असते. अशा वेळी “टेस्ट इट अगेन कोल्ड?” असं विचारलंस की पुरे.

‘माइल्ड’ मात्र या सगळ्यांत बसत नाही, त्याला तक्रारीच्या यादीतून काढूनच टाक. माइल्ड ही ओळख आहे, अनेकदा कौतुकसुद्धा. तू वेंगुर्ल्याचा, तुला मासे समजावून सांगायला नकोत. पापलेट माइल्ड, बांगडा स्ट्राँग. दोन्ही चांगले. पापलेटाला ब्लँड म्हटलं तर ती तक्रार, माइल्ड म्हटलं तर ते वर्णन. चेडर चीजच्या वेष्टनावर माइल्ड आणि मॅच्युअर असे प्रकारच असतात. ब्रिटिश पाहुण्यांना कोर्मा माइल्ड म्हणून सांगितला की त्यांचा जीव भांड्यात पडतो. आपल्याकडे अळणी रश्श्याचं असंच आहे. नाव अळणी, पण त्यात मीठ असतं, नसते ती चटणी. लहान मुलं आणि आजारी माणसं तो मिटक्या मारत पितात. तो रस्सा कुणा इंग्रजी बोलणाऱ्याला सांगायचा तर ‘माइल्ड ब्रॉथ’ म्हणून सांग.

आता तुझा बुफेचा प्रश्न. तो मला पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा वाटतो.

ब्लँड हा शब्द सैल आहे. चवीचा जोर कमी, एवढंच तो सांगतो. जोर कशाचा, ते बोलणाऱ्याच्या जिभेवर ठरतं. भारतीय पाहुणा ब्लँड म्हणाला तर बहुतेकदा तिखट आणि मसाला हवा असतो. इंग्लंड-अमेरिकेतला पाहुणा म्हणाला तर बहुधा मीठ, कधी मिरपूड. पण यावर विसंबू नकोस, विचार. “वुड यू लाइक सॉल्ट, ऑर सम चिली सॉस?” दोन्ही हाताशी ठेव, म्हणजे शब्द नाही कळला तरी वस्तू दिसते. ‘हॉट’ शब्द इथे टाळ. “यू वॉन्ट इट हॉट?” म्हणालास तर पाहुणा होय म्हणेल आणि त्याच्या मनात असेल ‘गरम’. ताट परत गरम होऊन येईल, अन्न तसंच.

जहाजावर वयस्क प्रवासी पुष्कळ असतात. वय वाढतं तसा वास घेण्याची शक्ती उतरते, काही औषधांनीही तोंडाची चव जाते. पंच्याहत्तरीच्या आजींना तुमचं चिकन ब्लँड लागलं तर चिकनमध्ये दोष असेलच असं नाही, आणि त्यांना मीठ वर्ज्यही असू शकतं. अशा वेळी लिंबाची फोड, मिरपूड, ताजी हर्ब्ज पुढे कर. मीठ त्यांनी मागितलं तरच दे. ‘नो सॉल्ट’ सांगून गेलेला पाहुणा दुसऱ्या दिवशी ब्लँड म्हणाला तरी हेच कर.

आणि कधी ब्लँड ही तक्रार नसतेच, मागणी असते. समुद्र खवळला, पोट ढवळलं की पाहुणे म्हणतात, “कॅन आय हॅव समथिंग ब्लँड?” अशा वेळी दुखावून जाऊ नकोस आणि बुफेवरचा सर्वांत बेचव पदार्थही शोधू नकोस. डॉक्टर ज्याला ब्लँड डाएट म्हणतात ते त्यांना हवं असतं: मऊ, तळलेलं नाही, तिखट नाही, आंबट नाही. भात, टोस्ट, उकडलेला बटाटा, साधं चिकन सूप. जहाजांवर अशा वेळी क्रॅकर्स आणि हिरवी सफरचंदं देतात, ते तू पाहिलंच असशील. ज्या लॅटिन शब्दापासून ब्लँड आला त्याचा अर्थच मऊ, गोडगोड असा होता. पोटदुखीतला ब्लँड अजून त्या अर्थाला धरून आहे.

उच्चारही सांभाळ. तोंड ‘बॅट’ म्हणताना उघडतं तितकं उघडून ‘ब्लॅन्ड’ म्हण. ते ‘ब्लेंड’ झालं तर गॅलीत ती सूप मिक्सरला लावायची सूचना ठरते. पंख्यांच्या आणि भांड्यांच्या आवाजात एवढा फरकही पुसला जातो, म्हणून तर मी विशेषणापेक्षा ‘नीड्स सॉल्ट’ बरं म्हणते.

इन्सिपिड सोडून दे. तो लिहिण्यातला शब्द आहे, समीक्षक वापरतात, आणि माणसाला लावला की अपमानच होतो, आपल्या ‘मिळमिळीत’सारखा. डल चालेल, पण त्यातूनही काय करायचं ते कळत नाही. शेवटी वाचता येण्यापुरते हे दोन्ही ओळखून ठेव.

तुझ्या शेफचं इंग्रजी ब्रिटिश आहे, तेव्हा त्यांच्या ‘क्वाइट’कडेही कान ठेव. अमेरिकन माणूस “क्वाइट गुड” म्हणाला तर खूश हो. ब्रिटिश माणूस तेच म्हणाला तर अनेकदा अर्थ ‘बरंय’ इतकाच असतो. आणि “अ बिट ब्लँड” हे त्यांच्या तोंडी दिसतं तितकं सौम्य नसतं, पुन्हा चाखून बघ असा त्याचा अर्थ घे.

राहिला सीडीपी. ही गोष्ट लांबवू नकोस. तू ते चार लोकांत बोललास, तर दुरुस्तीही कोपऱ्यात नेऊन करू नकोस, सेक्शनवरच, एखादा जण ऐकत असला तरी कर. लांबलचक माफीची गरज नाही. “शेफ, दॅट डे आय सेड टेस्टलेस. राँग वर्ड. द सूप ओन्ली नीडेड लेमन.” बस. मग त्याला सिनिगांगबद्दल विचार. चिंच घालून केलेला तो आंबट रस्सा फिलिपिन्समध्ये घरोघरी होतो. आंबट किती आणि कधी घालायचं हे त्याला लहानपणापासून ठाऊक असणार, आणि आमसुलावर वाढलेल्या तुलाही. तुम्ही दोघं त्या सुपात एकाच गोष्टीला मुकला होतात, एवढं त्याला कळलं की बोलणं पुन्हा सुरू व्हायला वेळ लागणार नाही. पुढच्या टेस्टिंगला त्याचं काही आवडलं तर तेही तितकंच नेमकं सांग. नुसतं ‘गुड’ नको, “आय कॅन टेस्ट द लीक” म्हण.

काय झालं ते मला जरूर कळव.
तुझी ताई